शॅडो ऑफ मॉर्डोर की शॅडो ऑफ वॉर: खुन्नस नक्की कुठे जास्त रंगते?

दर सेलला हा प्रश्न येतोच. दोन्ही गेम मातीमोल किमतीला मिळायला लागतात आणि मग कोणीतरी विचारतं की दोघांपैकी एकच घ्यायचा तर कोणता, का पहिला सोडून डायरेक्ट दुसराच उचलला तर चालेल. बहुतेक लोक बिनधास्त सांगून टाकतात, "वॉर घे, मोठा आहे, नवा आहे." मोठा आहे हे खरंच. पण माझं मत जरा वेगळं आहे, कोणता घ्यायचा हे मोठेपणावर नाही तर तुम्ही खेळताना किती वेळा मरता आणि मेल्यावर तुम्हाला राग किती येतो यावर ठरतं.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही गेम मोनोलिथ प्रॉडक्शन्सनी बनवलेले, वॉर्नर ब्रदर्सनी काढलेले, पहिला २०१४ चा आणि दुसरा २०१७ चा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगातला मॉर्डोर हा प्रदेश, आपण टॅलियन, ब्लॅक गेटवर पहारा देणारा रेंजर. सुरुवातीलाच बायको-मुलासकट याचा बळी दिला जातो आणि केलेब्रिम्बोर नावाच्या एल्फचं भूत याच्या अंगात येऊन बसतं, त्यामुळे आता बिचाऱ्याला धड मरताही येत नाही. मेला की टॉवरवर परत उभा. बाकी गेममध्ये आपण मेलो की चेकपॉइंट लोड होतो आणि जग सगळं विसरून जातं, इथे मात्र मरण हा गोष्टीचाच भाग आहे, वेळ पुढे सरकते आणि ज्यानं मारलं त्याला बढती मिळते. हीच ती नेमेसिस सिस्टीम, जिच्यासाठी लोक अजून या गेमांचं नाव काढतात. बाकी सगळं, म्हणजे टॉवर चढा, कलेक्टिबल गोळा करा, साइड मिशन करा, हे त्या काळातल्या कुठल्याही ओपन वर्ल्डमध्ये मिळायचं.

मॉर्डोरमध्ये हे कसं होतं बघा. तुम्ही पंधरावीस साध्या उरुकांशी (म्हणजे ऑर्क, मॉर्डोरचा मालक सॉरन याचे राक्षसी शिपाई) मारामारी करताय, सगळं मस्त चाललंय, काउंटर, उडी, तलवार, आणि मागून एक फालतू धनुष्यवाला बाण मारून तुम्हाला संपवतो. त्याला नावसुद्धा नव्हतं. पुढच्या क्षणी सॉरनच्या सैन्याचा बोर्ड उघडतो, पाच वॉरचीफ वरती आणि खाली कॅप्टनांची रांग, आणि त्या रांगेत हा नवा माणूस (माणूस कसला) चिलखत घालून उभा, नाव मिळालेलं, पॉवर वाढलेली. परत भेटला की आधी तोंड वेंगाडून आठवण करून देतो की मी तुला मारलं होतं, विसरलास का. तुम्ही त्याला शेकोटीत ढकलून जाळला आणि तो मेला असं समजून पुढे गेलात तर काही तासांनी तोच अर्धा चेहरा भाजलेला घेऊन भलत्याच ठिकाणी तुमच्यासमोर येतो. बाणानं डोळा फोडला असेल तर डोळ्यावर पट्टी असते. आणि मधल्या काळात ते आपापसातही भांडत असतात, एकमेकांना द्वंद्वाला बोलावतात, मेजवान्या देतात, दुसऱ्याच्या वाटेत दबा धरून बसतात. सगळा प्रकार साखर कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीसारखा, कोण कोणाचा माणूस आणि कोण कधी फुटेल काही भरवसा नाही. मेजवानी असेल तर तुम्ही चोरपावलांनी जाऊन त्यांच्या दारूच्या पिंपात विष घालू शकता आणि मग छपरावर बसून खाली गोंधळ बघायचा, हे मिशन म्हणून अगदी छोटंसं आहे पण ज्यांनी ज्यांनी खेळलंय त्यांना ते आठवतंच.

आता याची गोम. मॉर्डोरची सगळ्यात मोठी तक्रार जी खेळाडू करतात ती म्हणजे तो सोपा आहे, आणि सोपा असण्याचा तोटा इथे इतर गेमपेक्षा दुप्पट होतो, कारण तुम्ही मेलाच नाहीत तर कोणाला बढतीच मिळत नाही, खुन्नस तयारच होत नाही. डिफिकल्टी बदलायचा पर्याय पण नाही. ज्याचा हात बॅटमॅनच्या अर्कम गेमवर बसलाय त्याला पहिल्या दिवसापासून काउंटरचं टायमिंग येतं, तो सगळ्या कॅप्टनांना रांगेनं कापत जातो आणि मग विचारतो की या नेमेसिसचं एवढं कौतुक कशाला, मला तर एकही शत्रू परत भेटला नाही. याउलट माझा एक मावसभाऊ, जो कधीतरीच कंट्रोलर हातात घेतो, त्याला एकाच उरुकानं इतकं पिडलं की तो गोष्ट बिष्ट सोडून फक्त त्याच्याच मागे हिंडत होता, आणि त्याला विचाराल तर तो सांगेल की याच्यासारखा गेम झाला नाही. तेव्हा चांगलं खेळणाऱ्याला कमी गेम मिळतो आणि वाईट खेळणाऱ्याला जास्त, हा उलटा न्याय आहे मॉर्डोरमध्ये. त्यावर एक उपाय गेममध्येच आहे, एखाद्या उरुकाला पकडून त्याच्यामार्फत कॅप्टनला धमकी पाठवायची, मग त्या कॅप्टनची पॉवर वाढते, तो तयारीत राहतो आणि मारल्यावर चांगला रून (शस्त्राची ताकद वाढवणारी खूण) मिळायची शक्यता वाढते. हात चांगला असेल तर धमक्या पाठवत खेळा, नाहीतर मजा निम्मी.

वॉरनं हा प्रॉब्लेम बऱ्यापैकी सोडवलाय. एक तर डिफिकल्टी निवडता येते, आणि त्यातल्या एकीचं नावच नेमेसिस आहे. दुसरं म्हणजे कॅप्टन लढाई चालू असतानाच शिकतात. मॉर्डोरमध्ये शत्रूच्या डोक्यावरून उडी मारून मागे जायचं आणि हाणायचं ही चाल इतकी भारी होती की सगळे तीच करायचे. वॉरमध्ये तुम्ही तीच तीच उडी मारायला लागलात की कॅप्टन एकदोनदा मार खातो आणि मग स्क्रीनवर येतं की हा आता या चालीला सरावलाय, आणि पुढच्या उडीला तो तुम्हाला हवेतच धरून जमिनीवर आपटतो. एकच कॉम्बो दाबत बसणाऱ्या लोकांचा इथे फार संताप होतो. पण मला विचाराल तर सिस्टीमचं खरं पुढचं पाऊल हेच, कारण यात तुम्ही मेलेलं असायची गरज नाही, जिंकत असतानाच शत्रू बदलतोय.

आणि वॉरचे ऑर्क नुसते परत येत नाहीत, ते काय काय होऊन येतात. कोणी अंगावर लोखंड ठोकून येतो, कोणी वेडा होऊन नुसता गुरगुरतो, कोणी मुंडकं उडवल्यावरसुद्धा टाके घालून हजर. एक तर असा भेटतो की जो बोलतच नाही, वाद्य घेऊन गाणं म्हणत तुमचा अपमान करतो. ओलोग म्हणजे धिप्पाड ट्रोल राक्षससुद्धा इथे कॅप्टन होतात. प्रत्येकाची टोळी वेगळी, मशीनवाले, जनावरवाले, जादूटोणावाले, आणि त्याप्रमाणे बोलणं आणि चिलखत वेगळं. टॅलियन मरायला टेकलाय आणि वरून शेवटचा घाव बसणार एवढ्यात तुम्ही आपल्या बाजूला वळवलेला एखादा उरुक कुठून तरी येऊन मारणाऱ्याला आडवा करतो, आणि मग तो स्वतःची फुशारकी मारत बसतो. त्याच उरुकाला तुम्ही नंतर दुर्लक्षित केलंत किंवा त्याच्या भावाला मारलंत तर तो भर लढाईत उलटतो. हो, रक्ताचे भाऊ पण असतात यात, आणि ते आधी कळत नाही. गद्दारी हा वॉरमधला सगळ्यात जास्त बोलला जाणारा विषय आहे आणि तो योग्यच आहे, मॉर्डोरमध्ये शत्रू लक्षात राहतात आणि वॉरमध्ये मित्र.

तेवढ्यासाठीच वॉर घ्या असं सांगितलं असतं. पण थांबा. वॉरमध्ये ऑर्क इतके आहेत की काही तासांनी ते एकमेकांत मिसळायला लागतात. तुम्ही चाललाय एका कॅप्टनला मारायला, वाटेत दुसरा येतो, कॅमेरा थांबतो, त्याचं भाषण, लढाई चालू, एवढ्यात तिसरा येतो, परत कॅमेरा, परत भाषण. पहिल्यांदा हसू येतं. नंतर नंतर भाषण स्किप करायला बोट आपोआप जातं आणि मग तो कोण होता हे लक्षातच राहत नाही, आणि ज्याची आठवणच नाही त्याच्यावर राग कसला धरायचा. मॉर्डोरमध्ये पूर्ण गेममध्ये चारदोनच ऑर्क असतील ज्यांच्याशी वैर जमतं, पण ते चार चांगले लक्षात राहतात.

नकाशाच्या बाबतीत वॉरच सरस, इथे फार चर्चा नको. मॉर्डोरमध्ये दोनच भाग, एकाचं नाव 'उडून' आणि दुसऱ्याचं 'नुर्नेन', त्यातला पहिला नुसता राखाडी-तपकिरी, दुसऱ्यात थोडी हिरवळ. वॉरमध्ये मिनास इथिल शहर, बर्फातला सेरेगोस्ट, लाव्हावाला गोर्गोरोथ, जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा किरिथ उंगोल वगैरे. ड्रेकवर, म्हणजे पंखवाल्या ड्रॅगनवर, बसून उडता पण येतं.

खरा फरक किल्ल्यांचा. मॉर्डोरमध्ये अर्धा गेम झाल्यावर, म्हणजे नुर्नेनला पोचल्यावर, उरुकांना ब्रँड करून आपल्या बाजूला घ्यायची ताकद मिळते. मग वॉरचीफच्या अंगरक्षकांना एकेक करून फोडायचं आणि ऐन वेळी सगळे त्याच्यावरच उलटवायचे. हे भारी आहे पण मिळतं उशिरा, आणि मिळेपर्यंत निम्मे लोक कंटाळलेले असतात. वॉरनं यावरच अख्खा गेम उभा केलाय, सैन्य जमवा, किल्ल्याला वेढा घाला, तटबंदी फोडायला सुरुंगवाले घ्यायचे की जनावरं ते ठरवा, एकेक चौक जिंका, मग शेवटी आत जाऊन ओव्हरलॉर्डशी, म्हणजे किल्लेदाराशी, लढा, आणि किल्ला जिंकल्यावर आपल्यातलाच एक तिथे बसवा. आधी आपला माणूस शत्रूकडे हेर म्हणून घुसवून ठेवायचा आणि वेढ्याच्या दिवशी त्यानं आपल्या नव्या साहेबाच्या पाठीत सुरा खुपसायचा, असलं पण चालतं. पहिला वेढा ज्यांनी खेळला त्यांच्यातला क्वचितच कोणी त्याला नावं ठेवतो. पण वॉरमध्येसुद्धा हे लगेच सुरू होत नाही बरं का, पहिला अंक बराच लांब आहे आणि त्यात तुम्ही एकटेच मारामाऱ्या करत फिरता, बरेच लोक इथेच सोडून देतात आणि म्हणतात पहिल्यासारखाच आहे. त्यांना सांगायचं की थोडं थांबा, डॉमिनेट करायची ताकद मिळू दे, खरा गेम त्यानंतरचा आहे.

आता जुनी भानगड, कारण अजून कोणी कोणी वॉरचं नाव काढलं की "त्यात लूट बॉक्स आहेत ना" म्हणतं. होते. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या सिंगल प्लेअर गेममध्ये खरे पैसे देऊन पेटीतून ऑर्क आणि शस्त्रं घ्यायची सोय ठेवली होती, आणि त्यावर लोकांनी जे काही तोंडसुख घेतलं ते बरोबरच होतं. शेवटच्या भागात, ज्याला शॅडो वॉर्स म्हणतात, एकामागून एक किल्ले राखत बसायला लागायचं आणि खरा शेवट बघायला इतकं घासायला लागायचं की हे मुद्दाम पेट्या विकायला केलंय असं वाटायचं. पण २०१८ च्या मे महिन्यात खरे पैसे देऊन गेममधलं सोनं घ्यायचं बंद केलं आणि जुलैमध्ये ते पेट्यांचं मार्केटच पूर्ण काढून टाकलं, शेवटचा भागही बराच छोटा केला. बनवणाऱ्यांनी स्वतःच मान्य केलं की मार्केटमुळे नेमेसिस सिस्टीमच्या गाभ्यालाच धक्का बसतो, आणि विचार केला तर साधी गोष्ट आहे, ज्या उरुकाला मी रडतकढत आपल्या बाजूला आणला त्याच्याविषयी काहीतरी वाटतं, पेटीतून निघालेल्याविषयी काय वाटणार. आज नवीन घेणाऱ्याला या भानगडीचा काहीच त्रास नाही. तेव्हा जुने रिव्ह्यू वाचत असाल तर तारीख बघून वाचा, २०१७ च्या शेवटचे असतील तर त्यातला निम्मा राग आता लागू नाही.

गोष्टीसाठी यातला कुठलाच गेम घेऊ नका असं मी म्हणेन. मॉर्डोरची गोष्ट नीट चालू होते, रॅटबॅग नावाचा भित्रा उरुक आणि त्याला वॉरचीफ बनवायची आपली खटपट हा त्यातला उत्तम भाग आहे, पण शेवट इतका फुसका की ज्याच्यासाठी सगळा गेम खेळलो त्या ब्लॅक हँडशी, म्हणजे टॅलियनच्या घरच्यांना मारणाऱ्या सरदाराशी, लढाईच होत नाही, पडद्यावर येतील ती बटणं दाबायची आणि संपलं. वॉरची गोष्ट जास्त पसरट आहे, ब्रूझ नावाचा ओलोग त्यात सगळ्यांचा लाडका होतो आणि मग त्याचं जे होतं ते सांगत नाही, पण टोल्किन वाचलेल्या मंडळींना शीलॉब, म्हणजे पुस्तकातला तो अवाढव्य मादी कोळी, बाईच्या रूपात बघून चक्कर येते. मला स्वतःला त्याचं फार काही वाटलं नाही, ऑर्कांचे संवाद इतके भारी लिहिलेत की बाकीचे गंभीर चेहरे करून बोलायला लागले की मी पाणी प्यायला उठायचो. सबटायटल मात्र चालू ठेवाच, ऑर्कांचे उच्चार अस्सल लंडनच्या गल्लीतले आहेत, अर्ध्या शिव्या कळतच नाहीत.

शस्त्रांचं थोडक्यात. मॉर्डोरमध्ये तलवार, खंजीर, धनुष्य एवढंच आणि त्यात रून बसवायचे. सुटसुटीत. वॉरमध्ये डोक्यापासून पायापर्यंत गिअर, त्याचे सेट, लेव्हल, प्रत्येक कौशल्याला तीन फाटे आणि त्यातला एकच एका वेळी चालू ठेवायचा. मेन्यूत रमणाऱ्यांना आवडेल. ज्यांना ऑफिसातून येऊन तासभर डोकं बाजूला ठेवून कापाकापी करायची आहे त्यांना हे ओझं वाटतं, असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि पटतं.

मशीनचं पण बघून घ्या. मॉर्डोर आता इतका जुना झालाय की साध्यासुध्या लॅपटॉपवर पण बऱ्यापैकी पळतो. वॉरला पीसीवर कमीत कमी ७० जीबी जागा लागते आणि वरून हाय रेझोल्यूशन टेक्स्चर टाकलेत तर आकडा शंभरच्या पार जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्यांनी आधी विचार करा. आणि एक गोष्ट अगदी ठासून सांगतो, कोणाकडे जुना पीएस थ्री किंवा एक्सबॉक्स ३६० पडलाय आणि त्यावर मॉर्डोरची सेकंडहँड डिस्क मिळतेय म्हणून घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका. त्या मशीनवरच्या आवृत्तीत नेमेसिस सिस्टीमच छाटलेली आहे. मग उरलं काय त्यात.

तिसऱ्या भागाची वाट बघू का, असंही काही लोक विचारतात. नका बघू. वॉर्नरनी या सिस्टीमचं पेटंट घेतलंय, २०२१ मध्ये मंजूर झालं आणि ते २०३६ पर्यंत चालू शकतं, आणि मोनोलिथ स्टुडिओ तर २०२५ च्या फेब्रुवारीत बंदच केला, त्यांचा वंडर वुमनचा गेम पण त्याच्याबरोबर गेला. म्हणजे ज्यांनी हे बनवलं ते नाहीत आणि ज्यांच्याकडे हक्क आहेत ते बनवत नाहीत. थोडंफार या जातीचं हवं असेल तर असॅसिन्स क्रीड ओडिसीमधले भाडोत्री योद्धे आणि वॉरफ्रेममधले लिच नावाचे शत्रू आहेत, पण ओडिसीतला योद्धा तुमच्या मागे लागतो तो डोक्यावरच्या इनामासाठी, तुम्ही काल त्याला काय केलं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. म्हणून निवड या दोनांतच आहे.

तर माझा सल्ला. फक्त शनिवार-रविवार खेळणारे, मोठे गेम अर्धवट टाकायची सवय असलेले, या प्रकारात नवीन असलेले, आणि हो, थोडे कच्चे खेळाडू, यांनी मॉर्डोर घ्यावा, गेम ऑफ द इयर आवृत्ती घ्या म्हणजे दोन्ही डीएलसी (नंतर काढलेले जोडभाग) आत येतात, मूळ गोष्ट पंधरा-वीस तासांत आटपते. ज्यांचा हात तयार आहे, ज्यांना सैन्य बांधायला आणि माणसं फोडायला आवडतं, त्यांनी सरळ वॉरची डेफिनिटिव्ह आवृत्ती घ्यावी, गोष्ट समजायला पहिला भाग खेळायलाच हवा असं अजिबात नाही, यूट्यूबवर दहा मिनिटांचा सारांश बघितला की पुरे. दोन्ही घ्यायचे असतील तर क्रम उलटा मात्र करू नका, वॉरनंतर मॉर्डोरला गेलं की प्रत्येक पावलाला काहीतरी नसल्यासारखं वाटतं. आणि वॉर चालू करताना डिफिकल्टी नॉर्मलवर सोडू नका, नेमेसिसवर ठेवा, सुरुवातीला दणकून मार बसेल पण ऑर्कांना बढत्या मिळतील. त्याच्या वरची ग्रेव्हवॉकर मात्र पहिल्या फेरीत लावू नका, त्यात मरता मरता वाचायची शेवटची संधीही मिळत नाही.